नॉर्मल क्रमांक एक

१६ जुलै २००१, सोमवार

भोपाळहून रायपूरला येताना ट्रकमध्ये घातलेल्या सामानापैकी न फुटता, न भिजता पोचलेली वस्तू म्हणजे ही कोरी डायरी. तेव्हा हिला कामाला लावतो.

आजपासून मी, रत्नाकर पिंपळापुरे, वय चौपन्न, नव्या राज्याच्या नव्या नस व स्नायू तपासणी केंद्राचा प्रमुख लिपिक. प्रमुख अशासाठी की दुसरा लिपिकच नाही. केंद्रात डॉक्टर एक, शर्मिष्ठा बोकाडे, नागपूरच्या, माझी मुलगी शोभतील अशा वयाच्या. शिपाई एक, देवीदास, इथलाच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. आणि मशीन एक. हे मशीन नसेला बारीक शॉक देतं आणि तो नसेतून किती वेळात पुढे पोचला ते पडद्यावर लाट काढून दाखवतं. नस कुठे दबली असेल तर लाट उशिरा येते आणि बुटकी येते. डॉक्टरबाईंनी हे मला पाच मिनिटांत समजावलं. समजायला अर्धा तास लागला, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

केंद्र म्हणजे भाड्याचा बंगला. पुढच्या दाराला लाल फीत बांधलेली आहे. मंत्रीमहोदय गेल्या आठवड्यात यायचे होते, ते आले नाहीत. फीत सोडण्याचा आदेशही आला नाही. म्हणून आम्ही सगळे मागून, स्वयंपाकघराच्या दाराने आत जातो. फीत कापायची चांदीचा मुलामा दिलेली कात्री माझ्या ताब्यात आहे, स्टॉक रजिस्टर पान एक, बाब एक.

संचालनालयाचं पत्र स्वच्छ आहे. उद्घाटनापूर्वी एकही रुग्ण तपासू नये. रुग्णांचे फॉर्म कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला.

घरी आलो तर बायको, कुमुद, हाताचं काहीतरी सांगत होती, मुंग्या की काय. मी म्हटलं, उद्घाटन होऊ दे, मग बघू.

२४ जुलै, मंगळवार

डॉक्टरबाईंची अडचण अशी की मशीनच्या पुस्तकातले आकडे परदेशातल्या माणसांचे. आपल्याकडच्या धडधाकट माणसाची लाट किती वेळात येते हे आधी मोजून ठेवावं लागतं, त्याशिवाय आजारी कोण ते ठरवणार कसं? त्यासाठी वीस पुरुष आणि वीस बायका हव्यात. मधुमेह नको, मान दुखायला नको, हातपाय बधिर नकोत, दारू नको.

मी टिपणी लिहिली: "निरोगी इसम हा रुग्ण या व्याख्येत बसत नसल्याने त्यास तपासल्यास आदेशाचा भंग होत नाही." संचालनालयाने चक्क तीन दिवसांत मान्यता दिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

पहिला निरोगी इसम मीच. हातावर जेली लावली, पट्ट्या चिकटवल्या, मनगटावर शॉक दिला आणि माझा अंगठा माझ्या परवानगीशिवाय टुणकन उडाला. बाई म्हणाल्या, "काका, काय सुंदर लाट आहे हो तुमची!" आजवर माझ्या कशालाच कोणी सुंदर म्हटलेलं नाही. रजिस्टरमध्ये मी स्वतःच नोंद केली: नॉर्मल क्रमांक एक.

कुमुदला सांगितलं. ती "छान झालं" म्हणाली आणि तिच्या हातून कप पडला. भोपाळहून आणलेल्या सहातला हा चौथा. भोपाळ सुटल्याचा राग आहे तिला. तोंडाने बोलत नाही, कप फोडते.

३ ऑगस्ट

निरोगी माणूस मिळणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. रायपूरची लोकसंख्या एवढी, आणि त्यात धड माणूस सापडेना. भनपुरीचे दोन ट्रक ड्रायव्हर आणले, दोघांच्याही हातांना स्टिअरिंगच्या झिणझिण्या. शाळामास्तर आणला, त्याची मान गेलेली. देवीदासला तपासणीसाठी झोपवायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, मैं रोज थोकिन पीथौं, मोला झन लिखव." रोज थोडी घेतो, माझं नाव लिहू नका म्हणे. म्हणजे हाही बाद.

पाटीवर "केवळ निरोगी व्यक्तींची तपासणी होईल" असं लिहून ती मागच्या दाराला टांगली आहे. काठी टेकत आलेला एक म्हातारा ती पाटी वाचून बराच वेळ उभा होता. मला वाईट वाटलं. पण नियम मी केलेला नाही.

पहाटे चारला कुमुदच्या बांगड्यांनी झोपमोड. पलंगावर बसून हात झटकत असते, पाणी झटकावं तसा. म्हटलं, "काय चाललंय?" तर म्हणे, "काही नाही, झोपा तुम्ही." झोपलो.

९ ऑगस्ट, गुरुवार

कुमुदच्या ठिपक्यांच्या रांगोळीला भोपाळच्या आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत तोड नव्हती. इथे चौबे कॉलनीतही सुरुवातीला बायका थांबून बघत. पण हल्ली तिचं लक्ष नाही. रेषा सरळ जात नाही, मध्येच तुटते, मध्येच ढिगारा पडतो. आज तर बाजारातून भोकं पाडलेला छाप आणून त्यावर रांगोळी चाळली आणि मोकळी झाली. मी म्हटलं, "सरकारी शिक्का मारल्यासारखं दिसतं." ती छाप झटकून आत गेली. तिचं मौन हे स्वतंत्र खातं आहे, त्याची फाइल मला कधी मिळत नाही.

शर्टाची तीन बटणं तुटली आहेत. आठवडा झाला, लावलेली नाहीत.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मोदकांना या वर्षी कळ्याच नाहीत. लाडवासारखे गोल वळून तळले. गणपतीने तक्रार केली नाही, मी केली. ती म्हणाली, "कळ्या नाही जमत आता." तेवीस वर्षं जमत होत्या, आता का जमू नयेत?

नॉर्मल एकूण अकरा. यातल्या सातव्याचा बाप आज पेढे घेऊन आला. मुलाच्या लग्नासाठी त्याला 'नॉर्मल' असल्याचा सरकारी दाखला हवा होता, मुलीकडच्यांना दाखवायला. मी दिला. गोल शिक्का मारला.

५ सप्टेंबर

दाखल्याची बातमी कॉलनीभर झाली. आज मागच्या दाराशी रांग. चार होतकरू नवरे, एक सरपंचपदाचा उमेदवार, आणि एक बाई नवऱ्याला घेऊन आलेली. तिला तो नॉर्मल नाही असं लेखी हवं होतं. तो नॉर्मल निघाला. बाई रडत गेली.

इतक्या धांदलीत संचालनालयाचं पत्र: "मासिक अहवालानुसार केंद्राने तपासलेल्या एकोणीस इसमांपैकी एकासही कोणताही विकार आढळलेला नाही. मशीन सदोष आहे काय, याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा." डॉक्टरबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मला हसू आलं नाही. खुलासा मलाच लिहायचा होता.

लिहिला: "विकार असलेले इसम तपासण्यास मनाई असल्याने विकार आढळण्यास वाव नाही." संध्याकाळी फॅक्सने उत्तर आलं: "वाव निर्माण करावा." पण उद्घाटन? पितृपक्ष आहे, मग अधिक महिना लागतो, तेव्हा दसऱ्यापर्यंत नाव काढू नका म्हणे.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून अधिक महिना.

अभनपूरहून हरिदास नावाचा एक माणूस आला. भातगिरणीत पोती उचलतो. मी नेहमीचे प्रश्न विचारले. हात बधिर? "नहीं साहब." रात्री मुंग्या? "बिलकुल नहीं." वस्तू हातून पडतात? "अपन एकदम फिट हैं." आणि सही करताना हातातून पेन दोनदा पडलं.

मशीनवर त्याची लाट एवढीशी, मुंगीएवढी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी त्याने हात जोडले. "दीदी, बीमार को तो आप लोग घुसने नहीं देते. ठीक बोला तभी तो अंदर आया." बाईंनी साध्या कागदावर काहीतरी लिहून त्याला नागपूरला ओळखीच्या डॉक्टरकडे धाडलं. त्या कागदाला जावक क्रमांक नाही. मी हरिदासचं नाव रजिस्टरमधून वगळलं आणि शेऱ्यात लिहिलं, "खोटं बोलून निरोगी झाला."

जेवताना कुमुदला हा किस्सा सांगितला. तिला फार आवडलेला दिसला. पहिल्यांदाच तिने माझ्या ऑफिसचं काही नीट विचारलं. "मंग त्याले कोणी हाकललं नाही?" "नाही." "मशीनले समजलं?" "समजलं ना!" "अन् आत यायले फक्त मले काही नाही झालं असंच म्हणाव लागते?" मी हो म्हटलं. चमच्याने वरण-भात खात होती. महिनाभर चमच्यानेच खाते आहे, शहरी झाली आहे.

२८ सप्टेंबर

पुरुष पूर्ण झाले. बायका एकोणीस. एकच हवी.

कुमुद आपणहून म्हणाली, "मी येऊ काय?" मला इतका आनंद झाला की काय सांगू. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्या कचेरीत ती कधी आली नाही. म्हटलं, "तुला मधुमेह नाही, मान ठीक, म्हणजे तू तर चोख नॉर्मल. घरात एक नंबर आणि वीस नंबर!" ती हसली. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याकडे दिलं. मी उघडलं.

४ ऑक्टोबर

पत्र: मंत्रीमहोदयांचं खातं बदललं. उद्घाटनाची तारीख नव्या मंत्र्यांच्या सोयीने यथावकाश कळवण्यात येईल. 'यथावकाश' हा शब्द मी स्वतः हजार वेळा लिहिलेला आहे. त्यात किती अवकाश असतो ते मला ठाऊक आहे.

फितीचा रंग उडून ती गुलाबी झाली.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कुमुद आली. नारिंगी रंगाची साडी नेसून, मागच्या दाराने. देवीदासने खुर्ची पुसली. मी नियमाप्रमाणे प्रश्न विचारले. हात बधिर? "नाही जी." रात्री मुंग्या? "नाही." वस्तू पडतात? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." मी तिन्ही उत्तरांपुढे बरोबरची खूण केली.

शॉक दिला. तिचा अंगठा उडालाच नाही. लाट आली ती इतकी उशिरा की मला वाटलं पडदा बंद पडला. डॉक्टरबाईंनी पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. मी म्हटलं, हात गार असेल, सकाळची भांडी घासून आली आहे, गार हाताची लाट उशिरा येते असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी गरम पाण्यात हात ठेवायला लावला. पुन्हा तेच. मी म्हटलं, मशीन सदोष असेल, माझ्यावर लावून बघा. माझ्यावर लावलं. माझा अंगठा उडाला, सुंदर लाट आली. त्या क्षणी मला माझ्या लाटेची लाज वाटली.

बाईंनी कुमुदचा तळहात माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो नव्हताच. तिथे खळगा होता. "काका, मनगटात नस दबली आहे. किती दिवस झाले?"

मी म्हटलं, हिने मला कधी काही सांगितलं नाही.

कुमुद म्हणाली, "सांगतलं होतं. तुम्ही म्हणे उद्घाटन होऊ दे." मग बाईंकडे वळून म्हणाली, "तारखा ह्यायच्या डायरीत असतीन. माह्या हातून काही सांडलं की हे लिहून ठेवतात."

डायरी मी कपड्यांच्या कपाटात, लोकरीच्या बंडीखाली ठेवतो. तिला माहीत होतं.

१० ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी इतिहास मागितला होता, म्हणून रजा टाकून डायरी वाचत बसलो. कोऱ्या कागदावर उतरवलं:

१६ जुलै, मुंग्या. २४ जुलै, कप. ३ ऑगस्ट, पहाटे हात झटकणं. ९ ऑगस्ट, रांगोळी आणि बटणं. २२ ऑगस्ट, मोदक. १८ सप्टेंबर, चमचा. २८ सप्टेंबर, झाकण.

कुठल्याही रुग्णाची इतकी व्यवस्थित नोंद कुणी ठेवली नसेल. मी तीन महिने हिच्या दुखण्याची डायरी लिहीत होतो आणि त्याला हिचा स्वभाव समजत होतो. कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "कुमुद, काहून नाही ओरडलीस माझ्यावर?" ती डाव्या हाताने पोळी उलटत होती. म्हणाली, "तुमच्या डायरीत अजून एक ओळ वाढली असती. कुमुद आज ओरडली." मला रडू आलं. तिने पोळी वाढली.

संध्याकाळी बाईंचा फोन. मनगटातली नस मोकळी करायचं छोटं ऑपरेशन आहे, तासाभराचं. पण स्नायू सुकायला लागला आहे, आता थांबलं तर अंगठा-बोटाची चिमूट परत येणार नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यातला सर्जन तपासणीचा अहवाल मागतो, आणि अहवाल रुग्णाच्या फॉर्मवर, शिक्क्यासह हवा. "साध्या कागदावर तो मानणार नाही, काका. मी विचारून पाहिलं. नागपूरला माझ्या ओळखीच्यांकडे आता दोन महिन्यांनी नंबर लागतो."

रुग्णाचा फॉर्म कपाटात. रुग्ण उद्घाटनानंतर. उद्घाटन यथावकाश.

११ ऑक्टोबर, गुरुवार

रात्रभर मी हिच्या फॉर्मचं प्रकरण मनात फिरवलं. किल्ली माझ्याकडेच होती, गुपचूप फॉर्म काढून भरता आला असता. पण उद्घाटनापूर्वीच्या तारखेचा अहवाल उद्या कुणी रद्द केला तर? हिच्या हाताच्या कागदात मला एकसुद्धा खोट नको होती. नियमात एकच वाट होती. उद्घाटन झालं पाहिजे. कुणी करावं, हे एकाही पत्रात लिहिलेलं नाही. मी सगळी पत्रं पुन्हा वाचली, तीनदा.

सकाळी साडेआठला कुमुदला घेऊन केंद्रावर गेलो. पुढच्या दाराने. कात्री स्टॉक रजिस्टरमधून माझ्या नावावर काढली, सही केली. देवीदासला नारळ आणायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, अधिक मास मा उद्घाटन?" म्हटलं, "हो." तो "हव" म्हणत होकार देऊन गेला आणि नारळाबरोबर झेंडूचे दोन हारही घेऊन आला. डॉक्टरबाई पांढरा कोट घालून पायरीवर उभ्या राहिल्या.

कुमुदने एकदा भोवती पाहिलं, मग छाप न घेता, उजव्याच हाताने, दारापुढे चार ठिपके टाकले. चिमूट सुटत होती. रेषा वाकडी गेली, एक ठिपका राहूनच गेला. ती म्हणाली, "असू द्या. उद्घाटन आहे तर रांगोळी पाह्यजे." भोपाळच्या कुठल्याच दिवाळीला मी तिची रांगोळी इतका वेळ बघितली नव्हती.

कात्री मी तिच्या हातात दिली. "मले काहून?" "प्रमुख पाहुण्या तुम्ही." तिने दाबली, पण अंगठा दाबेना. कात्री फितीवरून घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तिचे डोळे भरले. मग मी माझा नॉर्मल क्रमांक एकचा अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवला आणि दोघांनी मिळून दाबलं. फीत तुटली. देवीदासने एकट्याने टाळ्या वाजवल्या, इतक्या जोरात की समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

कपाट उघडलं. फॉर्म काढला. रुग्ण क्रमांक एक: कुमुद रत्नाकर पिंपळापुरे, वय अठ्ठेचाळीस, प्रवेश पुढील दाराने. 'तक्रार केव्हापासून' या रकान्यात तारीख लिहिली. त्याच्या पुढे 'आधी कोणास कळवले' असा रकाना आहे. तिथे लिहिलं: पती. आणि 'काय उपाय केला' इथे लिहिलं: नाही. डॉक्टरबाईंनी नव्याने तपासून सही केली, मी शिक्का मारला. शाई नीट उठली.

रांगेत दुसरा तो काठीवाला म्हातारा होता. कुठून कळलं कोण जाणे. त्याला क्रमांक दोन दिला.

१७ नोव्हेंबर, शनिवार

संचालनालयाने माझा खुलासा मागितला आहे: "कोणाच्या अधिकाराने?" अजून उत्तर लिहिलेलं नाही. यथावकाश लिहीन. नवे मंत्री परवा येऊन गेले. देवीदासने नवी फीत बांधून ठेवली होती, ती त्यांनी कापली आणि विचारलं, रोज किती रुग्ण येतात? बाई म्हणाल्या, चौदा. उद्घाटनाच्या दिवशीच चौदा कसे, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

कुमुदच्या हाताचे टाके निघून आठ दिवस झाले. चिमूट किती परत येईल ते बाई आत्ताच सांगत नाहीत. दिवाळीत चारही दिवस रांगोळी मी काढली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुमुदला विचारलं, "दीदी, किस बच्चे ने बनाई?"

बटणं मी लावली, तीनही. एक उलटं लागलं आहे.

आज पहाटे बांगड्या वाजल्या नाहीत तरी जाग आली. कुमुद जागी होती. मी विचारलं, "मुंग्या?" ती म्हणाली, "आज नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही विचारलं म्हणून सांगतलं."